खिडक्या सांभाळणारी माणसे



गावातला आड सगळ्यांचा असतो. पाणी भरायला सगळे येतात. पण गाळ उपसायची वेळ आली, की तो आड कोणाचाच नसतो. आज मी आपल्याशी संगणकाविषयी बोलणार आहे. पण गोष्ट ह्या आडासारखीच आहे, म्हणून हा दाखला आधीच दिला.

पुष्कळ शाळांत जुने संगणक असतात. त्यांवर पैसे न मोजता वापरता येणारी लिनक्स ही प्रणाली चालते. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा १९९१ साली लिहायला घेतला, आणि पुढे जगभरच्या लोकांनी तिला हातभार लावला. ती कोणीही वापरावी, उघडून पाहावी, दुरुस्त करावी अशी मोकळीक आहे.

आता संगणकाचा पडदा डोळ्यांपुढे आणा. एका चौकटीत पत्र लिहिणे चालू आहे, दुसरीत चित्र उघडले आहे, तिसरीत हिशेब आहे. ह्या चौकटींना खिडक्या म्हणतात. कोणती खिडकी पुढे, कोणती मागे, तिची कड कशी, मथळ्याची पट्टी कुठे, बंद करायची खूण कुठे, हे सारे पाहणारा एक प्रोग्राम असतो. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात. आपण खिडक्यांचा कारभारी म्हणू. हा कारभारी मधेच बंद पडला, तर बहुधा लिहिलेले पत्र पुसले जात नाही, हिशेबही जागेवर राहतो. पण खिडक्यांच्या कडा नाहीशा होतात, त्या सरकवता येत नाहीत. आठवड्याचा बाजार भरलेला आहे आणि जागा नेमून देणारा मात्र निघून गेला आहे, तशी गत होते बघा.

असे कारभारी पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकाचे नाव विंडो मेकर. ब्राझीलच्या आल्फ्रेडो कोजिमा यांनी तो लिहिला आणि १९९७ साली तो लोकांपुढे आला. अंगाने हलका असल्यामुळे जुन्या यंत्रावरही तो सुखाने चालतो. २००५ साली त्याची ०.९२ ही आवृत्ती निघाली, आणि मग काम थंडावले. पुढे काही स्वयंसेवकांनी ते हाती घेतले, तेव्हा २०१२ साली ०.९५ ह्या मालिकेची सुरुवात झाली. मध्ये जवळजवळ सात वर्षे गेली.

तुम्ही म्हणाल, सात वर्षे कोणी हात लावला नाही तर बिघडले कुठे? प्रोग्राम काही गंजत नाही. खरे आहे, तो गंजत नाही. पण त्याच्या खालची जमीन सरकते. एक उदाहरण सांगतो. विंडो मेकर पडद्यावर चित्रे दाखवतो. त्यासाठी तो दुसऱ्यांनी लिहिलेले तयार भाग वापरतो. जिफ जातीची चित्रे वाचणारा गिफ्लिब हा त्यांतलाच एक भाग. ह्या गिफ्लिबला हाक मारायची रीत तिच्या कर्त्यांनी २०१२ आणि २०१४ साली बदलली. मग जे जे प्रोग्राम तिच्यावर अवलंबून होते, त्या सगळ्यांत दुरुस्ती करणे आले. शेजाऱ्याने बांध हलवला की आपला पाट आपल्यालाच वळवून घ्यावा लागतो, तसेच हे.

आणि हे काम करतो कोण? त्याला पॅकेजचा मेंटेनर म्हणतात. राखणदार म्हणा हवे तर. पुष्कळदा मूळ प्रोग्राम त्याने लिहिलेला नसतो. मूळ कर्त्याकडून मजकूर आला, की तो वाटेत कोणी बदललेला नाही ना, हे तो बेरजेचा ताळा पाहावा तसे ताडून बघतो. हा प्रोग्राम चालण्यास दुसरे कोणकोणते भाग लागतात, त्यांची यादी करतो. मग कोऱ्या, स्वच्छ जागी तो बांधून पाहतो. कारण आपल्या यंत्रावर एखादा भाग आधीच पडलेला असेल, तर तो यादीत लिहायचा राहून जातो आणि दुसऱ्याच्या घरी काम अडते. मूळ मजकूर तोच, पण बांधण्याची कृती सुधारली, तर आवृत्तीच्या आकड्यामागे एक वेगळा आकडा असतो, तो वाढवतो. कोणाची तक्रार आली तर ती खरी का, हे स्वतः करून बघतो. बहुतेकांना ह्याचे दाम मिळत नाहीत. नोकरी-धंदा सांभाळून रात्री तासभर हे चालते.

आणि हा राखणदार थकला, तर?

आर्च लिनक्स नावाच्या प्रकारात वापरणाऱ्यांनीच भरलेले एक भांडार आहे. त्याला एयूआर म्हणतात. तिथे पॅकेज कसे बांधावे त्याची कृती असते. राखणदाराने अंग काढून घेतले, की ते पॅकेज ‘अनाथ’ ठरते, आणि दुसरा कोणी ते दत्तक घेऊ शकतो. शब्दच तसे आहेत, बरं का! २०१८ च्या जुलैमध्ये कागदपत्रे वाचण्याच्या अ‍ॅक्रोरीड ह्या प्रोग्रामचे पॅकेज असेच अनाथ पडले होते. एका अनोळखी माणसाने ते दत्तक घेतले आणि कृतीत काही ओळी घुसडल्या. त्या ओळी बाहेरून भलताच प्रोग्राम ओढून आणत. लोकांच्या ते लवकरच ध्यानात आले आणि त्या ओळी काढून टाकल्या गेल्या. डेबियन नावाच्या दुसऱ्या प्रकारात रीत थोडी निराळी आहे. तिथे अनाथ पॅकेज एका गटाच्या नावे होते, आणि नवा राखणदार मिळेपर्यंत तो गट त्याची अडीनडी पाहतो.

याहून मोठा प्रसंग २०२४ सालचा. एक्सझेड हा फायली दाबून लहान करणारा प्रोग्राम जगभर वापरात होता, आणि त्याचा भार मुख्यतः एका थकलेल्या माणसावर होता. काही जण त्याला पत्रांवर पत्रे लिहीत: नवी आवृत्ती कधी? एवढा उशीर का? त्याच सुमारास एक नवा मदतनीस पुढे आला. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ इमानाने काम केल्यासारखे दाखवले, किल्ल्या मिळवल्या, आणि मग आत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या यंत्राशी दुरून जोडून घेताना अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळे उघड केले. बहुतेकांच्या नेहमीच्या आवृत्तीत तो दरवाजा पोहोचण्याआधीच सापडला, म्हणून निभावले.

ह्यात घेण्याजोगे आहे ते एवढेच. सामायिक वस्तूला धोका येतो तो ती फुकट असते म्हणून नव्हे. ती एकाच खांद्यावर असते, म्हणून. तेव्हा राखणदार दोघे-तिघे असावेत. नव्या माणसाला आधी लहान काम द्यावे आणि त्याने केलेले दुसऱ्याने वाचावे. ज्याला पुढे झेपणार नाही, त्याने गुपचूप निघून न जाता वेळेवर सांगावे. काम सोडणे हा गुन्हा नव्हे. न सांगता सोडणे मात्र दुसऱ्याला खड्ड्यात घालते.

तुम्हीआम्ही काय करावे? गुरुजींना आणि बाईंना माझे विशेष सांगणे आहे. शाळेच्या संगणकावर काही अडले, तर ‘चालत नाही’ एवढ्यावर थांबू नका. आवृत्ती कोणती, आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, ह्या चार गोष्टी मुलांकडून नीट लिहून घ्या. असे पत्र म्हणजे राखणदाराचे अर्धे काम. पुष्कळ प्रोग्रामांत पडद्यावरचे शब्द वेगळ्या फायलीत ठेवलेले असतात. तिथे मराठी शब्द भरायला प्रोग्राम लिहिता यावा लागत नाही, मराठी चांगले यावे लागते. आणि ज्यांना लिनक्स शिकायचे आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात मराठीतूनही पाठ आहेत.

आणि एक. राखणदाराला लिहाल तेव्हा आधी दोन शब्द आभाराचे लिहा. तो आपला नोकर नाही. आपल्या आडाचा गाळ उपसणारा गडी आहे. जमले तर दोरीला आपलाही हात लावा.