उदाहरणातल्या कॉलमचं नाव



आजकाल मेळाव्याच्या अध्यक्षानं कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलावं, अशी अपेक्षा असते. मी मात्र एका बारक्या गोष्टीवर बोलणार आहे. डेटाबेस शिकवताना आपण नमुन्याच्या टेबलातल्या कॉलमांना जी नावं देतो, त्यांच्यावर. आपल्यातले कितीतरी जण नोकरी सांभाळून पुण्या-नाशिकच्या मुलांना ऑनलाइन शिकवतात, म्हणून हा विषय लंडनमधल्या ईलिंगच्या या मेळाव्यातच काढायला हवा.

ईलिंगशी तो जुळतोही. ॲडा लव्हलेसचं लग्न १८३५ साली इथल्या फोर्डहूक या घरात झालं. तिच्या आईनं, लेडी बायरननं, आदल्याच वर्षी ईलिंग ग्रोव्ह ही शाळा काढली होती. तिथली मुलं बागेत प्रत्यक्ष काम करत शिकत. पुढे १८४३ मध्ये चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्रावर लिहिलेल्या टिपणांत ॲडानंही उदाहरणच घेतलं. बर्नुली संख्या कशा काढाव्यात, याचा तिनं तक्ता दिला. त्याचे मथळे पाहा: क्रियेचा क्रमांक, क्रियेचं स्वरूप, क्रिया ज्यांवर होते ती चलं, निकाल ज्यांत जातो ती चलं. नुसता 'क्रमांक' किंवा नुसतं 'चल' असा मोघम मथळा तिनं ठेवला नाही.

आता आपल्या धड्यांकडे वळू. खरेदीचं टेबल, त्यात 'ऑर्डर', 'ग्रुप', 'डेट', 'युजर', 'रँक' आणि डिस्क्रिप्शनचं लघुरूप म्हणून 'डेस्क' हे कॉलम. यातले बरेच शब्द एसक्यूएलनं स्वतःच्या व्याकरणासाठी राखून ठेवलेले आहेत. मुलगा धडा पाहून टेबल बनवायला जातो आणि 'ऑर्डर'पाशी वाक्यरचना चुकली असा निरोप येतो. दुसऱ्याच तासाला असलेल्या मुलाला हा निरोप कळत नाही. तो स्वल्पविराम मोजतो, कंस तपासतो, शेवटी आपल्याला हे जमणारच नाही असं ठरवून मोकळा होतो. चूक मात्र उदाहरण देणाऱ्याची असते.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: "नाव चिन्हांत गुंडाळा." पण कोणत्या चिन्हांत? मायएसक्यूएलला बॅकटिक लागतो, एसक्यूएल सर्व्हरमध्ये चौकटी कंस चालतात, प्रमाण एसक्यूएलमध्ये दुहेरी अवतरणचिन्हं आहेत. हीच दुहेरी चिन्हं मायएसक्यूएलच्या नेहमीच्या मांडणीत साध्या मजकुराची खूण ठरतात. म्हणजे 'ऑर्डर' कॉलम मागितला की प्रत्येक ओळीत आकड्याऐवजी 'ऑर्डर' हा शब्दच छापून येतो, तक्रार न करता. ओरॅकलमध्ये चिन्हांत गुंडाळून नाव दिलं, तर ते पुढे प्रत्येक वेळी, लहान-मोठ्या अक्षरांसकट, तसंच लिहावं लागतं.

पोस्टग्रेसमधला प्रकार याहून फसवा. 'युजर' कॉलम एखाद्या फ्रेमवर्कनं आपोआप चिन्हं लावून बनवलेला असतो. पुढे कुणी हातानं क्वेरी लिहितं आणि चिन्हं विसरतं. डेटाबेस अडवत नाही. सध्या लॉगिन केलेल्या डेटाबेस युजरचं नाव तो प्रत्येक ओळीत मुकाट्यानं भरून देतो. लाल अक्षरांतली चूक परवडते, कारण ती दिसते. असा बरोबर दिसणारा चुकीचा अहवाल थेट साहेबांच्या टेबलावर जातो.

राखीव शब्दांची यादी तोंडपाठ केली की झालं, असंही नाही. यादी वाढत असते. मायएसक्यूएलमध्ये 'रँक' हे नाव अनेक वर्षं निर्धोक होतं. २०१८ साली ८.० ही आवृत्ती आली, तिच्यात विंडो फंक्शन आली आणि 'रँक' राखीव झाला. सोमवारपर्यंत चालणारी निकालपत्रकाची क्वेरी आवृत्ती बदलताच बंद पडू शकते. उलट 'डेट'च्या बाबतीत मायएसक्यूएलनंच माघार घेतली. लोक हे नाव आधीपासून वापरतच होते, म्हणून ते चिन्हांशिवाय चालू दिलं, असं त्यांची पुस्तिकाच सांगते. तोच धडा ओरॅकलवर चालवला की टेबल बनायलाच नकार मिळतो.

पण मला यात निव्वळ व्याकरणाची अडचण दिसत नाही. 'डेट' म्हणजे कोणती तारीख? मागणीची, पैसे भरल्याची, की माल पोचल्याची? 'ग्रुप' म्हणजे रक्तगट, की गणेशोत्सवातल्या स्वयंसेवकांचा गट? राखीव शब्द बहुतेक वेळा फार मोघम असतात, म्हणूनच भाषेला त्यांची गरज पडते. त्यामुळे डेटाबेसनं घेतलेली हरकत ही एखाद्या चांगल्या संपादकानं समासात केलेली खूण समजावी. 'पेमेंट_डेट', 'रक्तगट_कोड', 'ऑर्डर_क्रमांक' असं जोडनाव दिलं की संघर्ष टळतो आणि अर्थही उघडतो.

जुन्या पिढीला ओरॅकलचा 'स्कॉट' हा नमुन्याचा युजर आणि त्याचा पासवर्ड 'टायगर' अजून आठवतो. त्याच्या 'एम्प' टेबलातल्या तारखेच्या कॉलमचं नाव होतं 'हायरडेट'. ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी ते टेबल गिरवलं, त्यांतले कितीतरी आजही कॉलमला तशीच जोडनावं देतात. पहिलं उदाहरण हाताला वळण लावतं, ते असं.

कुणी विचारेल, मग राखीव शब्द शिकवायचेच नाहीत का? जरूर शिकवायचे. बाहेरच्या कामांत जुनी, वाईट नावांची टेबलं वाट्याला येणारच. त्यासाठी वेगळा धडा ठेवावा, क्वेरी मुद्दाम मोडून दाखवावी, चिन्हं कुठे लागतात आणि कुठे घात करतात ते समजावून द्यावं. जोडणी किंवा बेरीज शिकवण्याच्या धड्यात मात्र हा खडा नको.

म्हणून या मेळाव्यापुढे माझ्या तीन सूचना आहेत. आपल्या प्रत्येक धड्यात कॉलमांना जोडनावं असावीत. धडा बाहेर देण्याआधी तो किमान दोन वेगवेगळ्या डेटाबेसवर चालवून पाहावा. आणि एकानं लिहिलेलं उदाहरण दुसऱ्यानं, शक्यतो नवशिक्यानं, कोऱ्या यंत्रावर टंकून तपासावं. यासाठी पैसे लागत नाहीत, फक्त थोडा वेळ लागतो. दुपारच्या सत्रात प्रत्येकानं आपला एक जुना धडा उघडून ही दुरुस्ती सुरू करावी, अशी विनंती करतो आणि माझं भाषण संपवतो.