त्रिनिदादला पाहुणे काय बघतात?

गावात पाहुणे आणायचे म्हटलं की गटाच्या बैठकीत एकच प्रश्न येतो, आपल्याकडे बघण्यासारखं आहे काय? म्हणून आज तुम्हाला पार कॅरेबियन समुद्रात, त्रिनिदाद बेटावर नेते. सुनील गावसकर 1971 मध्ये आपली पहिली कसोटी खेळले, ते याच बेटावर, पोर्ट ऑफ स्पेनला.

तिथं ला ब्रे गावाजवळ डांबराचं तळं आहे, सुमारे 100 एकरांचं. खरं सांगायचं तर दिसायला नुसतं काळं माळरान! पण त्यावरून चालता येतं. पाय कुठं रुतेल हे माहीतगाराला ठाऊक, म्हणून सोबत वाटाड्या घ्यावा. कॅरोनीच्या खारफुटीत संध्याकाळी होडीतून फिरवतात. लालभडक शराटी पक्षी थव्यानं झाडांवर उतरतात. खेकडे-कोळंबी खाऊन त्यांना तो रंग येतो.

वॉटरलूला समुद्रात देऊळ आहे. 30 मे 1845 ला हिंदुस्थानातून मजुरांचं पहिलं जहाज त्रिनिदादला लागलं. पुढं तिथं आलेला एक मजूर, शिवदास साधू. त्यानं साखर कंपनीच्या जागेवर देऊळ बांधलं, ते पाडलं गेलं आणि त्याला तुरुंगातही जावं लागलं. मग तो म्हणाला असेल, समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही ना! सायकलवरून दगडमाती वाहून त्यानं पाण्यातच भर घातली. पंचवीसेक वर्षं हे एकट्याचं काम चाललं.

मला मात्र सगळ्यात मोलाचा वाटतो तो मातुरा गावचा किनारा. तिथं रात्री चामडीपाठी समुद्री कासविणी अंडी घालायला येतात. एकेक चारशे-पाचशे किलोची! पूर्वी मांसासाठी त्यांची सर्रास कत्तल व्हायची. 1990 मध्ये सरकारनं किनारा राखीव केला आणि राखणीला गावातलेच लोक उभे राहिले. मार्च ते ऑगस्ट परवान्याशिवाय रात्री किनाऱ्यावर जाता येत नाही. गावचा वाटाड्या पाहुण्यांना अंधारात थांबवून ठेवतो. कासवीण खड्डा खणते तोवर कुणी जवळ जायचं नाही. अंडी घालू लागली की तिला आजूबाजूचं भान राहत नाही, तेव्हा तो लाल उजेडात दाखवतो. फोटोचा झगझगाट बंद. कासव जगलं तरच पुढच्या वर्षी पाहुणा येणार आणि वाटाड्याची मजुरीही चालू राहणार, हा हिशेब तिथं घराघरात पोचलाय.

आपल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासलाही कासव महोत्सव भरतो. कासवं वेगळ्या जातीची, आकारानं बरीच लहान. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, जेवतातही तिथंच. खोलीचं भाडं किती, ताटाचे किती, पैसे घरातल्या बाईच्या हातात पडतात का, हे मला तिथल्या बायकांनाच विचारायचंय. पिल्लं मार्च-एप्रिलमध्ये समुद्रात सोडतात. दोन-तीन गटांनी मिळून गाडी केली तर खर्च वाटला जाईल. यायचं असेल त्यांनी पुढच्या बैठकीत नाव द्या.