सुट्टी, संगणक आणि कागद-पेन



दहावीची परीक्षा संपली की मराठी मध्यमवर्गीय घरात एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत मुलाने करायचे काय? पूर्वी मामाचे गाव, पोहणे आणि वाचनालय अशी या प्रश्नाची उत्तरे होती. आता उत्तर चौकातल्या विजेच्या खांबावर टांगलेले असते. ‘उन्हाळी कोडिंग शिबिर’, ‘पंधरा दिवसांत ॲप तयार करा’, ‘इंटर्नशिपचे प्रमाणपत्र हमखास’. आईवडील पोटाला चिमटा काढून शुल्क भरतात, मुलगा पडद्यावरचे तयार ठोकळे जोडून एखादा खेळ बनवितो, प्रमाणपत्राला चौकट लागते आणि शाळा-महाविद्यालये सुरू झाली की सारे विसरले जाते. पैसे गेले याचे दुःख एक वेळ बाजूला ठेवता येईल. परंतु तेरा ते सोळा या वयात विचाराला जे वळण लागू शकते, ते लागण्याची संधी निघून जाते, हे नुकसान भरून येणारे नाही. कारण अकरावीनंतरची सुट्टी प्रवेशपरीक्षांच्या शिकवणी वर्गांनी आधीच गिळलेली असते.

संगणक वापरता येणे ही आजच्या काळातील साक्षरता आहे, यात वाद नाही. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना २००१ मध्ये झाली आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत पोहोचला. ज्या घरात कोणी माऊसला हात लावला नव्हता, त्या घरातील मुलामुलींची भीती त्याने घालविली. ते काम मोठे होते. मात्र ते संगणकाच्या वापराचे शिक्षण होते. संगणकशास्त्र ही त्याहून निराळी गोष्ट आहे आणि हा भेद पालकांच्या लक्षात न आल्यामुळेच खांबावरच्या जाहिरातींचे फावते. २०२० च्या टाळेबंदीत तर सहा-सात वर्षांच्या बालकांना कोडिंग शिकविले नाही तर ती आयुष्यात मागे पडतील, अशी भीती घालणाऱ्या जाहिरातींचा सुळसुळाट झाला होता.

भेद समजून घेण्यासाठी आपल्या शाळेतील एक जुना शब्द पुरेसा आहे : रीत. गणिताचे गुरुजी उत्तर बरोबर असूनही ‘रीत नाही’ म्हणून गुण कापीत असत. संगणकशास्त्र हे रीतीचे शास्त्र आहे. एखादा प्रश्न कोणत्या पायऱ्यांनी सुटेल, त्याहून कमी पायऱ्यांत सुटेल काय आणि त्याहून कमी पायऱ्यांत सुटणे शक्यच नाही हे सिद्ध करता येईल काय, हा त्याचा गाभा. यंत्र त्यानंतर येते.

मराठी घरात या शास्त्राचे एक सुंदर उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले गेले आहे, पण ते उदाहरण आहे हे कोणी सांगितले नाही. वृत्ते शिकविताना ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पाठ करून घेतात. अक्षर लघु किंवा गुरू; तीन अक्षरांचा एक गण; म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, असे एकूण आठ गण. प्रत्येक गण सुटा लिहायचा तर चोवीस अक्षरे लागतील. या सूत्रात अक्षरे आहेत केवळ दहा. तरीही पहिल्या अक्षरापासून तीन घेतली की ‘यमाता’ हा य गण, दुसऱ्यापासून घेतली की ‘मातारा’ हा म गण, असे एकेक अक्षर सरकत गेले असता आठही गण मिळतात. एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. दहापेक्षा कमी अक्षरांत हे साधणे अशक्य आहे. अशा मालिकांचा अभ्यास डच गणितज्ञ निकोलास द ब्रुइन यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला आणि आज त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. जनुकीय आराखड्याचे लक्षावधी तुकडे संगणकावर जुळविताना हीच कल्पना उपयोगी पडते. यावरून आपल्या पूर्वजांनी संगणक शोधला होता, असा निष्कर्ष कोणी काढू नये; तसे म्हणणे हा त्यांच्या खऱ्या बुद्धीचा उपमर्द ठरेल. त्यांना रीतीचे वेड होते, एवढे मात्र निर्विवाद. मराठीच्या तासाला हे सूत्र पाठ करणाऱ्या मुलाला ‘चार अक्षरांचे गण करायचे ठरविले तर असे सूत्र किती अक्षरांचे होईल?’ एवढा एकच प्रश्न विचारला तरी त्याचे संगणकशास्त्र सुरू होते. (उत्तर एकोणीस; पण ते सूत्र प्रत्यक्ष रचण्यात एक दुपार जाते.)

आता उन्हाळी कार्यक्रमांकडे वळू. या प्रकाराचे माहेरघर अमेरिका. तेथील शाळांना उन्हाळ्यात दीर्घ सुट्टी असते आणि त्या सुट्टीत विद्यापीठांची वसतिगृहे, प्रयोगशाळा रिकाम्या होतात. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांचे जनक ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी निवृत्तीनंतर १९८३ मध्ये जोअॅन डिजेनारो यांच्यासह एक संस्था स्थापन केली आणि १९८४ पासून ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ हा सहा आठवड्यांचा उन्हाळी उपक्रम सुरू झाला. पुढे तो मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे भरू लागला. शाळेत शिकणारी सुमारे शंभर मुले-मुली निवडली जातात. आरंभी काही दिवस कसून व्याख्याने, नंतर प्रत्येकाला एक मार्गदर्शक आणि एक असा प्रश्न, ज्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या मागील पानावर छापलेले नाही. शेवटी शोधनिबंध लिहावयाचा आणि सर्वांसमोर मांडावयाचा. राहण्या-जेवण्याचा वा शिक्षणाचा एक पैसाही घेतला जात नाही. त्याच संस्थेत १९७५ पासून वंचित घरांतील गुणी मुलांसाठी चालत आलेला उन्हाळी उपक्रमही विनामूल्य आहे.

याच्या शेजारीच दुसरा बाजार भरलेला आहे. नामांकित विद्यापीठाच्या आवारात भरणारे शिबिर त्या विद्यापीठाचेच असते असे नाही. खाजगी कंपन्या तेथील जागा भाड्याने घेतात, हजारो डॉलर आकारतात आणि विद्यापीठाच्या नावाचे वलय पालकांच्या मनात आपोआप तयार होते. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मराठी कुटुंबेही या वलयात सापडतात आणि पुण्या-नाशिकचे नातेवाईक त्यांच्याकडूनच माहिती घेत असतात, म्हणून हे सांगणे भाग आहे. परीक्षा अगदी सोपी आहे : शिबिराच्या दारात काय मागितले जाते ते पाहावे. जेथे प्रथम पैसे मागितले जातात तेथे ग्राहक हवा आहे. जेथे प्रथम एखादा प्रश्न सोडवून मागितला जातो तेथे विद्यार्थी हवा आहे. याला अपवाद आहेत. काही चांगले उपक्रम शुल्कही घेतात आणि गरजूंना ते माफही करतात. पण आधी प्रश्न, मग पैसा, हा क्रम तेथेही आढळतो.

असे दार भारतात आहे काय? आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नाही. १९८९ मध्ये बल्गेरियातील प्रावेत्स या गावी पहिले आंतरराष्ट्रीय इन्फर्मॅटिक्स ऑलिंपियाड भरले. तेरा देशांतील शाळकरी मुले आली होती. हे गाव निवडले गेले ते उगाच नव्हे. त्या छोट्याशा देशाने त्याच गावाच्या नावाने स्वतःचे घरगुती संगणक बनविले होते. भारताचा संघ या स्पर्धेत २००२ पासून जाऊ लागला. गणित आणि विज्ञानाच्या ऑलिंपियाडचे काम मुंबईतील मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहते, त्यामुळे पालक तेथेच चौकशी करतात. संगणकाच्या स्पर्धेचे काम मात्र ‘इंडियन असोसिएशन फॉर रिसर्च इन कॉम्प्युटिंग सायन्स’ ही संशोधकांची संस्था करीत आली आहे. चेन्नई गणितीय संस्थेचे प्राध्यापक माधवन मुकुंद यांच्यासारख्यांनी आपले संशोधन सांभाळून वर्षानुवर्षे हा भार वाहिला. राष्ट्रीय फेरीतून निवडलेल्या साधारण तीसेक मुलांचे सुट्टीत प्रशिक्षण शिबिर होते आणि त्यातून चौघांचा संघ ठरतो.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, या स्पर्धेच्या पहिल्या पायरीचा एक मार्ग दीर्घकाळ केवळ कागद-पेनाचा ठेवला गेला. प्रश्न रीतीचेच, पण संगणक समोर नाही आणि प्रोग्रामिंगची भाषा येण्याची अटही नाही. ज्याच्या घरी संगणक नाही असे औसा किंवा शहादा येथील मूल आणि बंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय शाळेतील मूल यांच्यापुढे तोच कागद ठेवला गेला. पुढच्या फेरीला प्रोग्रामिंग लागते, तेव्हा ते शिकावे लागतेच. आणि रीत कळलेल्या मुलाला सी-प्लस-प्लस शिकण्यास एक सुट्टी पुरते. (फेऱ्यांचे नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा त्या वर्षीची नियमावली पाहणे आवश्यक.)

याहून लहान मुलांसाठी लिथुआनियात २००४ मध्ये ‘बेब्रास’ ही स्पर्धा सुरू झाली. त्या भाषेत बेब्रास म्हणजे नदीवर बांध घालणारा बीव्हर हा प्राणी. भारतात ती ‘सीएस पाठशाला’ या उपक्रमातून चालते. एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेने तो २०१६ मध्ये सुरू केला. त्यातील कितीतरी कृती संगणकाविना वर्गात करावयाच्या आहेत आणि साहित्य मराठीतही आहे.

इंटर्नशिपविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कंपनीत खुर्ची मिळवून देणे हे बहुधा वडिलांच्या ओळखीचे कर्तृत्व असते. पैसे भरून मिळणारी इंटर्नशिप तर शब्दाचाच अपमान होय. काम करणाऱ्याने शुल्क द्यावे हा कोठला न्याय? राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सुट्टीच्या काळातही व्यावसायिक विषयांची इंटर्नशिप मिळावी, अशी कल्पना मांडलेली आहे. माध्यमिक वयोगटापूर्वीच कोडिंगची ओळख व्हावी, असेही त्यात म्हटले आहे. पण तालुक्याच्या गावी अशा जागा निर्माण करणार कोण?

एक जागा आजही खुली आहे. मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प जगभरातील स्वयंसेवकांच्या श्रमावर उभे राहतात. त्यांत भाग घेण्यास गाव, ओळख काहीही विचारले जात नाही. गूगलने २०१० ते २०१९ या काळात तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी अशा कामांची स्पर्धाच भरविली होती. ती आता बंद झाली, कामे मात्र संपलेली नाहीत. मराठी मुलाजवळ येथे एक भांडवल आहे, जे कॅलिफोर्नियातील मुलाजवळ नाही : त्याला मराठी येते. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्पाला मराठी बोलण्याचे नमुने लागतात. कार्यालयीन मुक्त सॉफ्टवेअरमधील मराठी शब्द तपासावयाचे असतात. देवनागरीतील जोडाक्षरे कोठे मोडतात हे शोधून, नोंदवून, जमल्यास दुरुस्त करावयाचे असते. केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची तारीखवार जाहीर नोंद राहते. त्यापुढे चौकटीतील प्रमाणपत्राची गरज उरत नाही.

आता कार्यकर्त्यांच्या कामाविषयी. वस्तीवरील अभ्यासिकेत किंवा शाळेच्या एका खोलीत दहा-बारा मुलांचा सुट्टीवर्ग चालविण्यास संगणक एक असला तरी पुरतो. पहिले पंधरा दिवस तर तोही नको. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील दोन विद्यार्थी रोज दोन तास देऊ शकतात. वर्ग सकाळी ठेवावा आणि घराजवळ ठेवावा, म्हणजे मुली येतील. दूरच्या शिबिराला मुलाला पाठविणारे घर मुलीला पाठवीलच असे नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. मुलांना लघूची एक आणि गुरूच्या दोन मात्रा धरून पाच मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल ते मोजू द्यावे. आठ प्रकारे भरते. सहा मात्रांची तेरा प्रकारे. पुढची संख्या मागच्या दोहोंची बेरीज का असते, हे त्यांनीच शोधावे. बाराव्या शतकात हेमचंद्राने हा नियम छंदांच्या संदर्भात दिला; फिबोनाचीचे पुस्तक १२०२ सालचे.

आणखी एक खेळ. एकाने १ ते १००० मधील एक संख्या मनात धरावी. दुसऱ्याने केवळ ‘होय-नाही’ उत्तराचे प्रश्न विचारून ती ओळखावी. दर प्रश्नाला निम्म्या संख्या बाद करीत गेले की दहा प्रश्न पुरतात, हे दोन दिवसांत सर्वांना उमगते. तिसऱ्या दिवशी नियम बदलावा : उत्तर देणाऱ्याला एकदा खोटे बोलण्याची मुभा. मुले प्रथम प्रत्येक प्रश्न तीनदा विचारतील आणि तीस प्रश्नांत संख्या ओळखून दाखवितील. तेव्हा त्यांना एवढेच सांगावे की, चौदा प्रश्नांत हे साधते आणि खडू त्यांच्या हाती द्यावा.