स्वतःची जपणूक आणि जगाची सेवा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त रत्नागिरी येथें दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या आनंदाच्या दिवशीं आपणांपुढें चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, हा मी माझा बहुमान समजतों. मी कांहीं विद्वान वक्ता नव्हें. मुलांना गणित शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, असा एक साधा मास्तर आहें. तेव्हां पांडित्याची अपेक्षा आपण ठेवणार नाहीं, अशी आशा आहे. विषयही मीं साधाच निवडला आहे. मनुष्यानें स्वतःला किती जपावें आणि जगासाठीं किती झिजावें, हा तो विषय होय.

चांगल्या माणसांच्या मनांत या दोन गोष्टींचें जणूं वैर ठरून गेलेलें असतें. स्वतःच्या प्रकृतीकडे पाहणें म्हणजे आपमतलब आणि दुसऱ्यांसाठीं झिजून जाणें म्हणजे पुण्य, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. चंदनाची उपमा तर आपल्याकडे घरोघर दिली जाते. मीही तसेंच मानीत होतों. त्यांतली चूक मला एका म्हाताऱ्या बाईनें दाखविली. तो प्रसंग प्रथम सांगतों.

२०२१ सालच्या जुलै महिन्याची २२ तारीख आपणांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. वाशिष्ठीचें पाणी चिपळूण शहरांत शिरलें आणि बाजारपेठ, घरें, दुकानें, सारें पाण्याखालीं गेलें. पाणी ओसरल्यावर रत्नागिरींतून आम्ही कांहीं जण घमेलीं-फावडीं घेऊन मदतीस गेलों. घराघरांत चिखल भरलेला होता. धान्य, कपडे, अंथरुणें, मुलांचीं पुस्तकें, सर्व त्यांत कालवलें गेलें होतें. पहिले तीन दिवस मीं जेवणाची वेळ पाहिली नाहीं कीं रात्रीं धड झोप घेतली नाहीं, आणि त्याचा मला मनांतून थोडा अभिमानही वाटत होता. चवथ्या दिवशीं आमच्यांतला एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा घमेलें खालीं ठेवून पायरीवर बसला. त्याला बसलेला पाहून मी त्याच्यावर इतका ओरडलों कीं तो अगदीं रडकुंडीस आला. ज्या घरांतला चिखल आम्ही काढीत होतों, त्या घरची आजी शेजाऱ्यांच्या माडीवर आश्रयास होती. ती हळूहळू जिना उतरून आली. हातांत पेजेचा पेला होता. म्हणाली, "मास्तर, आधीं बसा. ही पेज घ्या. चिखल कांहीं पळून जात नाहीं."

जिच्या चुलीचा पत्ता नव्हता, ती मला पेज देत होती. आणि मदतीस म्हणून आलेला मी तिच्या अंगणांत एका गरीब पोराला शिव्या मोजीत होतों! त्या क्षणीं मला मोठी लाज वाटली. मुलाची मीं क्षमा मागितली, दोघेही पायरीवर बसलों, पेज प्यालों आणि मग कामास लागलों. त्या दिवशीं दुपारनंतर काम अधिक झालें, हें मी हिशेबाचा मास्तर म्हणून सांगूं शकतों. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, थकलेला मनुष्य सेवा म्हणून जें देतो, त्यांत त्याचा राग आणि अहंकार मिसळलेला असतो, आणि तो घेणाऱ्याला बरोबर कळतो.

पुढें मीं पवित्र शास्त्र काढून एलीया संदेष्ट्याची हकीकत पुन्हां वाचली. जिवावर बेतलें म्हणून तो रानांत पळाला, एका झुडपाखालीं पडला आणि आतां मरण येईल तर बरें, असें म्हणूं लागला. अशा वेळीं देवानें त्याला उपदेश केला नाहीं. देवदूतानें त्याला उठवून भाकर आणि पाणी दिलें व पुन्हां निजूं दिलें. दुसऱ्यांदां उठवून पुन्हां खाऊं घातलें. कारण पुढची वाट लांबची होती. पाचारण, कार्य, आज्ञा हें सर्व त्यानंतर आलें. आपल्या प्रभूनेंही शिष्य दमून परत आले तेव्हां त्यांना एकांतांत जाऊन थोडा विसावा घेण्यास सांगितलें. आणि शेजाऱ्यावर प्रीति करण्याची आज्ञा देतांना तिचें माप म्हणून त्यानें काय ठेविलें, तें आपण जाणतोंच. ज्याला स्वतःच्या देहामनाविषयीं कांहींच आस्था नाहीं, त्यानें शेजाऱ्याला कोणत्या मापानें मोजून द्यावें?

आतां आपल्याच जिल्ह्यांतील एका थोर पुरुषाचें उदाहरण घेऊं. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं शेरवली येथें झाला. दापोली तालुक्यांतील मुरूड हें त्यांचें गांव. विद्यार्थिदशेंत एका परीक्षेसाठीं ते मुरुडाहून साताऱ्यास सह्याद्रि ओलांडून पायीं गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. ते तसेच परत फिरले, पण खचले नाहींत. पुढें पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत ते गणिताचे प्राध्यापक झाले. १८९३ सालीं त्यांनीं एका विधवेशीं विवाह केला, त्याबद्दल गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ सालीं त्यांनीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला. पुढें तो हिंगण्यास गेला, तेव्हां दिवसभर कॉलेजांत शिकवून सुमारें चार मैलांची वाट पावसाचिखलांतून तुडवीत ते आश्रमांत जात. १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. १९२९ सालीं, सत्तरीच्या घरांत असतांना, ते परदेशच्या प्रवासास निघाले. १९५८ सालीं, वयाचीं शंभर वर्षें पुरीं झालीं तेव्हां, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला, आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं, एकशें चार वर्षांचें आयुष्य भोगून, ते निवर्तले.

एवढें काम एवढ्या दीर्घकाळ त्यांच्या हातून कसें झालें? साधें राहणें, पायीं चालणें आणि आज जेवढें झेपेल तेवढें आज करून उद्यां पुन्हां त्याच वाटेस लागणें, हा त्यांचा क्रम होता. एका आठवड्याच्या आवेशांत त्यांनीं स्वतःस जाळून घेतलें असतें, तर हिंगण्याची ती वाट वर्षानुवर्षें कोण चालला असता?

परंतु या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर माझा हिशेब खोटा ठरेल. ज्या विधवेशीं त्यांनीं विवाह केला, त्या देवरुखच्या जोशांच्या कन्या गोदूबाई. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस काढलेल्या शारदासदनाच्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या. त्यांनीं ‘माझे पुराण’ या नांवानें आपली हकीकत सांगून ठेविली आहे. पतीनें आपली मिळकत, इतकेंच नव्हे तर स्वतःच्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही आश्रमास देऊन टाकली, तेव्हां घर चालविण्याची ओढाताण कोणाच्या वांट्यास आली, हें त्या माउलीचें पुराण वाचल्यावर कळतें. यांत महर्षींना उणें लेखण्याचा माझा हेतु मुळींच नाहीं. आनंदीबाईंनीं स्वतःही आश्रमासाठीं कष्ट केले. पण एक मनुष्य जगासाठीं झिजतो, तेव्हां त्याच्या घरांत आणखी कोणीतरी झिजत असतें आणि त्या झिजण्याची नोंद कोणत्याही अहवालांत होत नाहीं, हें आपण विसरतां कामा नये.

ही गोष्ट आपल्या कोंकणास विशेष लागू आहे. आपल्याकडचे पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईस चाकरीला गेले, आणि घर, शेत, गुरें, सासूसासरे व मुलें हीं सर्व एकटीनें सांभाळणारी बाई मागें राहिली. घरांत सर्वांचें औषध तिला पाठ; तिचा ताप मात्र कोणाला ठाऊक नसतो. सर्वांच्या मागून जें उरेल तें ती जेवते. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, महाराष्ट्रांतील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. त्यांतल्या कांहीं स्त्रिया आज येथेंही बसल्या असतील. त्यांनीं स्वतःस जपावें असें नुसतें सांगणें व्यर्थ आहे. त्यांना जपतां येईल असें घर आपण पुरुषांनीं केलें पाहिजे.

आतां माणसांकडून आपल्या भूमीकडे येऊं. आपल्या जिल्ह्यांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीही वैशाखांत कित्येक वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. असें कां व्हावें? आपला जांभा दगड सच्छिद्र, डोंगरउतार तीव्र, आणि समुद्र जवळ. आभाळानें दिलेलें पाणी कांहीं जमिनींत झिरपून, कांहीं वहाळांतून, पाहतां पाहतां समुद्रास मिळतें. भूमि उदार आहे, पण तिच्यापाशीं सांठत नाहीं. मला तर यांत आपल्या त्या दमून जाणाऱ्या सेवकांचेंच चित्र दिसतें. आषाढांत दोन्ही हातांनीं देतात आणि चैत्रांत त्यांच्यापाशीं ओंजळभरही उरत नाहीं.

यावर उपायही आपल्या गांवांनींच करून दाखविला आहे. पाऊस संपला कीं लोक एक दिवस श्रमदानास जमतात, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरतात आणि वहाळांत त्या आडव्या रचतात. यास वनराई बंधारा म्हणतात. खर्च जवळजवळ नाहीं. पाणी थोपतें, जमिनींत मुरतें, आजूबाजूच्या विहिरींना तें पोंचतें. गुरांना प्यावयास मिळतें, भाजीचा मळा हिरवा राहतो. बंधारा पाणी अडवितो तें स्वतः पिण्यासाठीं नव्हे. आपण घेतलेली विश्रांति, वेळेवरचें जेवण, दुखण्यावर वेळीं केलेला उपाय आणि एकांतांतली प्रार्थना हीं अशींच अडविलेल्या पाण्यासारखीं आहेत. त्यांचा ओलावा शेजारच्या विहिरीस पोंचला पाहिजे. आणि बंधारा पुढच्या पावसांत वाहून जातो, म्हणून दर वर्षीं तो नव्यानें घालावा लागतो. स्वतःच्या जपणुकीचेंही तसेंच आहे; एकदां करून ती संपत नाहीं.

जगाची सेवा केली असतां तिचें फळ आपल्याच घरीं कसें येतें, याचेंही एक उदाहरण जिल्ह्यांत आहे. मंडणगड तालुक्यांतील वेळास गांवच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीचीं समुद्रकासवें अंडीं घालावयास येतात. पूर्वीं तीं अंडीं माणसें उकरून नेत, नाहीं तर कोल्हीं-कुत्रीं खात. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकऱ्यांस बरोबर घेऊन अंडीं जपण्याचें काम आरंभिलें. घरटीं सुरक्षित कुंपणांत हलविलीं जातात व पिलें बाहेर आलीं कीं समुद्राकडे सोडलीं जातात. ज्या जीवांपासून गांवाला कांहीं मिळण्यासारखें नव्हतें, त्यांना पाहावयास लांबून पाहुणे येऊं लागले, गांवकऱ्यांच्या घरीं उतरूं-जेवूं लागले आणि गांवाला चार पैसे मिळूं लागले. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकांत पृथ्वीची हानि आणि गरिबांचें दुःख हे दोन वेगळे प्रश्न मानलेले नाहींत. तें वाचतांना मला वेळासची आठवण होते.

भाषणाच्या शेवटीं मास्तरांनीं घरचा अभ्यास द्यावा, ही रीत आहे. माझा अभ्यास थोडा आहे. पहिलें असें कीं, आपल्या धर्मग्रामांत आजाऱ्यांच्या भेटीचें किंवा वृद्धांच्या शुश्रूषेचें काम जे करतात, त्यांना कोणीतरी पाळीपाळीनें मोकळें करावें. तेच तेच दोन-तीन जण वर्षानुवर्षें जुंपलेले नसावेत. दुसरें, या महिन्यांत प्रत्येक घरच्या कर्त्या बाईचें रक्त तपासून घ्यावें, आणि तिच्याबरोबर घरच्या पुरुषानें जावें. तिसरें, पाऊस संपल्यावर एक दिवस आपण सर्वांनीं, इतर धर्मांच्या शेजाऱ्यांसह, जवळच्या वाडीवर बंधारा घालण्यास जावें. त्या कामांत कोणी दमून पायरीवर बसला, तर त्याच्यावर ओरडूं नये. त्याला पेज द्यावी.

चिपळूणची ती आजी आतां हयात नाहीं. तिचें घर मात्र पुन्हां उभें आहे आणि तिच्या नातवंडांनीं तें झाडून-पुसून लख्ख ठेविलें आहे. तिच्या एका पेल्याचें ऋण मी अजून फेडीत आहें. देवबाप आपणां सर्वांस निरोगी देह, शांत मन आणि दुसऱ्यासाठीं सदैव उघडा हात देवो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.