राजा रत्नागिरीला आला आणि ध्यान घरोघरी गेले



रत्नागिरीचा थिबा राजवाडा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ब्रह्मदेशाच्या थिबा या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५च्या नोव्हेंबरात मंडालेहून उचलले, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ साली तो तिथेच वारला. ही गोष्ट आपण हळहळून सांगतो. पण राजा गेल्यावर मागे त्याच्या देशात काय घडले? आज पहाटे तुमच्यापैकी जो कोणी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसला असेल, त्याचा त्या घडामोडींशी थेट संबंध आहे.

ब्रह्मदेशात राजा हा बुद्धशासनाचा, म्हणजे बुद्धाच्या धर्माचा, पालक मानला जाई. विहारांना त्याचा आश्रय, संघाच्या प्रमुखाला त्याची मान्यता. तो आधारच तुटला. आता बुद्धशासन बुडणार, ही भीती खेड्यापाड्यांत पसरली. तोवर ध्यान हा मुख्यतः भिक्षूंचा, त्यातही अरण्यात राहणाऱ्या मोजक्या भिक्षूंचा मार्ग होता. गृहस्थाने दान द्यावे, शील पाळावे, पुण्य जोडावे, एवढीच अपेक्षा असे. मोन्यवाजवळच्या लेडी अरण्यात राहणारे एक विद्वान भिक्षू मात्र वेगळा विचार करत होते. लोक त्यांना लेडी सयाडो म्हणत (१८४६–१९२३). राजा राखू शकत नसेल तर धम्म प्रजेने राखावा, आणि राखायचा तर तो प्रजेला कळला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी सोप्या बर्मी भाषेत पुस्तिका लिहिल्या, गावोगाव फिरून अभिधम्म शिकवला आणि संसारी माणसालाही विपश्यना साधते, असे ठामपणे सांगितले. आशियाच्या धार्मिक इतिहासातला हा फार मोठा निर्णय आहे असे मी मानतो.

त्यांचे शिष्य सया थेटजी भातगिरणीत नोकरी केलेले, पुढे शेती करणारे गृहस्थ. त्यांच्याकडे १९३७ साली ऊ बा खिन शिकले. १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झालेला हा अधिकारी आपल्या कचेरीतल्या माणसांनाही ध्यान शिकवी. आणि त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका, जन्म १९२४, गाव मंडाले! ते १९६९ साली भारतात आले, पहिले शिबिर मुंबईत घेतले आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभे राहिले. त्याआधीही मराठी माणूस या वाटेने गेला होता. गोव्याचे धर्मानंद कोसंबी सिंहलद्वीपात (श्रीलंकेत) भिक्षू झाले, ब्रह्मदेशात राहिले आणि मराठीत ‘समाधिमार्ग’ लिहून गेले.

आता मूळ उपदेशाकडे येऊ. कुरू देशातल्या कम्मासधम्म गावी बुद्धांनी सतिपट्ठान सुत्त सांगितले. त्यात काया, वेदना (म्हणजे संवेदना), चित्त आणि धम्म अशी पाहण्याची चार क्षेत्रे आहेत. सुरुवात श्वासाने होते, पण सुत्त तिथे थांबत नाही. चालणे, बसणे, झोपणे, खाणे, पिणे, शौचाला जाणेसुद्धा त्यात आहे. देहातले केस, दात, रक्त, पू आहेत. स्मशानात टाकलेले प्रेत आहे आणि ‘हा माझा देहही याच जातीचा’ हे जाणणेही आहे. मनाला गोड वाटेल तेवढेच निवडून घेण्याची मुभा बुद्ध देत नाहीत.

चित्ताचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. चित्तात राग असेल तर साधकाने राग आहे असे जाणावे, लोभ असेल तर लोभ आहे असे जाणावे. चित्त विखुरलेले असेल तर तेही जाणावे. ध्यानाला बसून मन शांत झाले नाही, म्हणून कितीजण आठवड्याभरात उठून जातात! शांत न झालेले मन हाच त्या वेळचा पाहण्याचा विषय आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. वेदनेचेही तसेच. सुखद संवेदना कळते, दुखरा गुडघा तर ओरडूनच सांगतो. पण सुखही नाही, दुःखही नाही अशी तिसरी वेदना दिवसातला बराच वेळ आपल्यासोबत असते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती सुरू झाली की हात मोबाइलकडे जातो. त्या क्षणी थांबून पाहायला शिकणे, ही मला या साधनेतली सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते.

असे ध्यान पुढे पश्चिमेतही गेले. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी ताणतणाव कमी करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. तिथून ध्यान दवाखान्यांत, शाळांत, कंपन्यांत पोहोचले. दुखण्याने पिचलेल्या माणसाला त्यातून उतार पडत असेल तर मला त्याचा आनंदच आहे. माझी काळजी वेगळी आहे. या प्रवासात शील मागे राहते. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिल्या संध्याकाळी, श्वासाची सूचना मिळण्याआधी, पंचशील घ्यावे लागते: हिंसा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही (शिबिराचे दिवस तर पूर्ण ब्रह्मचर्य), खोटे बोलणे नाही, नशा नाही. पुष्कळांना हा धार्मिक उपचार वाटतो. पण सकाळी भावाला जमिनीच्या वाटणीत फसवून आलेला माणूस संध्याकाळी डोळे मिटून बसला, तर त्याला श्वास दिसेल की सातबारा? मन त्याच ठिकाणी परत परत जाईल, स्वतःच्या बाजूने वकिली करील, आणि बसण्याचा सगळा वेळ त्या वकिलीतच जाईल. शील आधी येते त्याचे कारण इतके व्यवहारातले आहे.

म्हणून तुमच्यापैकी जे उद्यापासून घरी बसणार आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. वीस मिनिटे बसा, दहा बसा, खुर्चीवर बसलात तरी चालेल. पण पहिला आठवडा बसण्याच्या जोडीला एक शील निवडा, आणि शक्यतो खोटे न बोलण्याचे निवडा. दुकानात, फोनवर, घरातल्या घरात ते पाळून पाहा, आणि मग बसल्यावर मन कुठे कुठे जाते याची नोंद ठेवा.