नाव बदललं, पण फाइल कुठे गेली?



मी सॉफ्टवेअरमधला माणूस. अंकाचं तांत्रिक काम बघतो, म्हणून माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करतो.

एका ताईंनी आपल्या तलाकची हकीकत सांगितली होती. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग. नाव बदलू, असा शब्द आम्ही दिला होता. मी ती फाइल जशीच्या तशी एका फुकटच्या ऑनलाइन सेवेवर चढवली आणि मजकूर उतरवून घेतला. लेखात नाव बदललं, पण त्यांचा आवाज, नवऱ्याचं नाव, मोहल्ला, सगळं परक्या सर्व्हरवर आधीच गेलं होतं. फोन करून सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "भाई, आधी विचारायचं तरी."

१९६६ साली हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम महिलांनी मुंबईत मोर्चा काढला, तो उघडपणे. तो त्यांचा निर्णय होता. नाव सांगायचं की झाकायचं, हे त्या बाईनं ठरवायचं. घाईतल्या माझ्यासारख्यानं नव्हे.

आता आम्ही व्हिस्पर वापरतो. ओपनएआयनं २०२२ मध्ये खुलं केलेलं हे मॉडेल एकदा उतरवून घेतलं की आपल्याच लॅपटॉपवर, इंटरनेट बंद ठेवूनही चालतं. मराठी त्याला येते, पण मध्येच दखनी आली की गडबडतं. 'खुला'चं 'खुळा' झालेलं मी पाहिलंय! त्यामुळे हेडफोन लावून पुन्हा ऐकणं काही सुटत नाही. एकच नाव ते तीन तऱ्हांनी लिहितं: रझिया, रजिया, राजिया. मग शोधून बदलताना एखादं निसटतं. म्हणून ओलामावर लॅपटॉपमध्येच चालणाऱ्या छोट्या मॉडेलला विचारतो, माणसांची आणि गावांची नावं कुठे कुठे आहेत ते फक्त दाखव. लेख सुधारायला देत नाही, त्याचं मराठी तेवढं बरं नाही.

पण खरी अडचण पुढेच आहे. नाव गेलं तरी 'तीन मुलींची आई, नवरा रिक्षा चालवतो, घर दर्ग्यामागे' एवढ्यावरून अख्खी गल्ली ओळखते. कुठला तपशील ओळख पटवेल, हे त्या मोहल्ल्यात वाढलेल्या माणसालाच कळतं. तो वाचक आधी शोधा, साधन नंतर.

आणि हो, वर्डमध्ये 'ट्रॅक चेंजेस' चालू असेल तर खोडलेलं नाव फाइलमध्येच राहतं. मोबाइलच्या फोटोत काढल्याचं ठिकाणही असू शकतं. पाठवण्याआधी दोन्ही तपासा.

त्या ताईंना मी विचारलं, रेकॉर्डिंगचं काय करू? पुसून टाका, म्हणाल्या. आपल्याकडची प्रत त्यांच्यासमोर पुसली. त्या सेवेकडे विनंती पाठवली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.