पुन्हा पुन्हा चढायचा कडा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ज्यांच्या घरात दहा-बारा वर्षांचे मूल आहे, त्यांना एक गोष्ट नक्की ठाऊक असेल. परदेशी महानायकाचा सिनेमा कधी संपत नाही. १९८९ साली बॅटमॅन गाजला, १९९७ पर्यंत त्याचे चार चित्रपट झाले, चौथा लोकांना रुचला नाही. मग २००५ साली दुसऱ्याच दिग्दर्शकाने तोच बॅटमॅन अगदी लहानपणापासून पुन्हा सांगायला घेतला. याला ते लोक ‘रिबूट’ म्हणतात. अडलेला संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, तसे. आपल्या भाषेत सांगायचे तर मोडलेला डाव नव्याने मांडायचा.

मुलांना वाटते ही काहीतरी नवी शक्कल आहे. पण कोल्हापूरकरांना यात नवल वाटायचे कारण नाही. आपल्याकडचा एक महानायक गेल्या शंभर वर्षांत चार वेळा तरी पडद्यावर कडा चढला आहे. पहिल्यांदा तो चढला तो याच गावात. त्याचे नाव सुभेदार तानाजी मालुसरे.

१९२३ साली बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. बाळासाहेब यादव तानाजी झाले, खुद्द बाबूराव शिवाजी महाराज झाले आणि बाविशीच्या आसपासचे शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम, म्हाताऱ्या शेलारमामाच्या वेशात उभे राहिले. तोवर आपला सिनेमा सूर्याच्या भरवशावर चालायचा. बाबूरावांनी या चित्रपटात रात्रीच्या लढाईसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. गर्दी इतकी लोटली, की ती पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे चित्रपटाच्या इतिहासात सांगतात. तो ‘सिंहगड’ आज पाहायला मिळत नाही. उरले आहे ते त्याच्याविषयीचे बोलणे आणि खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ.

दहा वर्षांनी, १९३३ साली, कालच्या शेलारमामाने स्वतःच ‘सिंहगड’ काढला. कंपनी प्रभात, दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथेला आधार हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीचा. आता सिनेमा बोलू लागला होता. पहिल्याने प्रकाश दिला होता, दुसऱ्याने आवाज दिला. एकाच गुरूच्या हाताखाली तयार झालेली माणसे गुरूचीच गोष्ट पुन्हा सांगत होती आणि त्यात कोणाला वावगे वाटले नाही.

वाटावे तरी का? आमच्या शाहिरांचे सारे आयुष्य यातच जाते. तुळशीदास शाहिराने सिंहगडाचा पोवाडा रचला, त्यानंतर कितीतरी डफांवर थाप पडली. प्रत्येकाने आपल्या पदरचे काही घातले. सभासदाच्या बखरीत मावळे कडा चढतात, तिथे घोरपड नाही. पोवाड्यात घोरपड आली, तिला यशवंती हे नावही मिळाले. कादंबरीत कमलकुमारी आली. म्हणून ‘जुने ते खरे, नवे ते खोटे’ असे मी म्हणणार नाही. जुन्यातही पदरचे होतेच. प्रश्न एवढाच, की पदरचे घालताना आपण मूळ सोन्यात काय मिसळतो.

आता तिसरी चढाई पाहू. १० जानेवारी २०२० रोजी ‘तान्हाजी : द अनसंग वॉरियर’ हा हिंदी चित्रपट आला. दिग्दर्शक ओम राऊत, तानाजीच्या भूमिकेत अजय देवगण, उदयभानाच्या भूमिकेत सैफ अली खान. चित्रपट तुफान चालला, देवगणला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तंत्राची करामत अशी, की कडा, दोर, धुके सगळे अंगावर येते. यात शत्रूकडे ‘नागीन’ नावाची एक अजस्र तोफ आहे आणि ती राजगडावर रोखण्याचा बेत आहे. ही तोफ इतिहासात नाही. परदेशी महानायकांच्या चित्रपटात जगबुडी करणारे एखादे यंत्र असते आणि नायक ते शेवटच्या घटकेला थांबवतो, त्याच घरातली ही तोफ. पहिल्याने प्रकाश दिला, दुसऱ्याने आवाज, तिसऱ्याने आकार दिला.

आकाराला माझी हरकत नाही. पण नायक मोठा दाखवायला तोफ कशासाठी लागावी, हे मला कळत नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहात कोंढाणा मोगलांकडे गेला होता. १६७० च्या फेब्रुवारीत तो परत घ्यायचा ठरला, तेव्हा तानाजीच्या घरी मुलाचे, रायबाचे लग्न निघाले होते, असे परंपरा सांगते. अक्षता बाजूला ठेवून माणूस मोहिमेवर जातो आणि परत येत नाही. मराठी माणसाच्या काळजाला हात घालायला एवढे पुरेसे आहे. जगबुडी थांबवणाऱ्या नायकाला आपण टाळ्या वाजवतो. लग्नघरातून उठून गेलेल्या बापासाठी मात्र डोळ्यांत पाणी येते.

दुसरी गोष्ट शत्रूची. बखरीतली ती झुंज मी अनेकदा वाचली आहे. तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तो डाव्या हाताची ढाल करतो आणि लढतो. शेवटी दोघेही पडतात. बखरकार मराठ्यांचा, शिवरायांचा चाकर. पण लिहिताना तो दोघांनाही एकाच दमात मोठे योद्धे म्हणतो. त्याला ठाऊक होते, की उदयभानाला लहान केले तर तानाजीचे मरण लहान होईल. कोल्हापूर कुस्तीचे गाव आहे, त्यामुळे हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. जोड तोलामोलाची नसेल तर मैदान मारले असे कोणी म्हणत नाही.

२०२० च्या चित्रपटातला उदयभान काळ्या पोशाखातला, मगर भाजून खाणारा, क्रौर्यात रमणारा आहे. सैफने काम झकास केले यात वाद नाही. पण चित्रपटात सांगितला तो इतिहास आहे असे आपल्याला वाटत नाही, हे त्यानेच त्या महिन्यातल्या एका मुलाखतीत सांगून टाकले. मुळात उदयभान राठोड हा राजपूत, मोगलांचा किल्लेदार. दोन राज्यांची ती लढाई होती. पडद्यावर रंग असे भरले जातात, की ती दोन धर्मांची वाटू लागते.

मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. तानाजी माझाही नायक आहे, कारण ज्या भाषेत मी लिहितो त्या भाषेने तो मला दिला. थिएटरच्या अंधारात माझ्या शेजारी बसलेल्या मुलाने तानाजीसाठी शिट्टी मारावी आणि माझ्या घरातल्या मुलानेही मारावी, एवढीच माझी अपेक्षा असते. शाहीर फडावर समोर उभा असतो. तो वाढवून सांगतो हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, त्याला दादही त्याचीच मिळते. पडद्यावरची वाढवलेली गोष्ट मात्र पुराव्यासारखी दिसते. घरी जाताना ती मोबाइलवरून पुढे जाते. २०२३ च्या जूनमध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून याच शहरात दगड उडाले, इंटरनेट बंद ठेवावे लागले. त्याचा दोष मी कुठल्या एका चित्रपटावर टाकत नाही. पण इतिहासाचे चित्र इथे किती लवकर पेट घेते, हे चित्र काढणाऱ्याने विसरू नये.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिग्पाल लांजेकरांचा ‘सुभेदार’ आला, ही चौथी चढाई. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’ यांच्यामागून आलेला हा मराठी मालिकेतला पाचवा चित्रपट. ‘पावनखिंड’मध्ये बाजीप्रभू झालेले अजय पूरकर इथे तानाजी झाले. मराठी निर्मात्याच्या खिशाला परवडेल तेवढीच भव्यता. पण हा तानाजी आपल्या गावकीतला वाटतो. घरातल्या माणसांशी तो बोलतो ते आपल्याच बोलीत. पैशाने मोठा चित्रपट हिंदी, पण माणूस मला मराठीत अधिक भेटला.

आता शेवटचे. १९३३ च्या ‘सिंहगड’ची कंपनी ज्या पाच भागीदारांची, त्यांत शांताराम होते, ध्वनीची बाजू सांभाळणारे दामले होते, धायबर आणि कुलकर्णी होते. पाचवे होते शेख फत्तेलाल. आपल्या शेजारच्या कागलचे. साऱ्या सिनेसृष्टीचे साहेबमामा. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस प्रभातच्या कलाविभागाचा धनी होता. याच फत्तेलालांनी दामल्यांच्या जोडीने पुढे ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. तानाजीने चढायच्या गडाचे रूप ठरवण्याचे काम एका शेखच्या हाती होते आणि त्या वेळी हे सांगण्यासारखे विशेष आहे, असेही कोणाला वाटले नसावे.

पाचवा तानाजी येणारच, तो यायलाही हवा. गोष्ट पुन्हा सांगितली नाही तर मरते. त्याच्याकडे आणखी मोठे तंत्र असेल. ते लावण्याआधी दिग्दर्शकाने बखरीतली ती दहा-पाच वाक्ये एकदा वाचावीत आणि उदयभानाच्या हातात तोलामोलाची तलवार द्यावी. बाकीचे तानाजी बघून घेईल.